गॅनेट शिखर : जिथे माणूस फक्त मुसाफिर आहे

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती, रुंद रस्ते आणि वेगाने धावणाऱ्या मोटारी येतात. पण त्याच अमेरिकेत कोट्यवधी एकर जमीन अशी आहे की, तिथे रस्ता बांधायला, मोटार न्यायला, हॉटेल उघडायला कायद्याने बंदी आहे. सायकलसुद्धा चालत नाही. जायचे असेल तर पायी जावे किंवा घोड्यावर जावे, चार दिवस राहावे आणि आपला कचरा आपल्याच पाठीवर घेऊन परत यावे. अशाच एका प्रदेशातील एका शिखराची ओळख आम्ही या अंकात वाचकांना करून देत आहोत. त्याचे नाव गॅनेट शिखर.

हे शिखर जगातील फार गाजलेल्या शिखरांपैकी नाही. तरीही आम्ही ते निवडले, कारण त्याच्या गोष्टीत एक प्रश्न दडलेला आहे. या डोंगरावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक माणसाला कायद्याने शिस्त लावली. तरी त्याच्या कुशीतला बर्फ वर्षानुवर्षे कमी होत चालला आहे. मग हा बर्फ कोण नेत आहे? आणि तो संपला तर नुकसान कोणाचे होणार आहे?

कुठे आहे हे शिखर?

घरात नकाशा असेल तर मुलांना तो उघडायला सांगा. अमेरिकेच्या पश्चिम भागात वायोमिंग नावाचे राज्य आहे. या राज्याच्या पश्चिम भागात वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे १६० किलोमीटर लांबीची एक पर्वतरांग पसरली आहे. ही विंड रिव्हर पर्वतरांग, प्रचंड मोठ्या रॉकी पर्वताचाच एक भाग. या रांगेत १३ हजार फुटांहून उंच अशी चाळीसच्या आसपास शिखरे आहेत आणि त्या सर्वांत उंच आहे गॅनेट. त्याची उंची १३,८०४ फूट, म्हणजे सुमारे ४,२०० मीटर. संपूर्ण वायोमिंग राज्यातही याहून उंच जागा नाही.

या रांगेच्या माथ्यावरून अमेरिका खंडाची पाणलोट रेषा जाते. माथ्याच्या पूर्वेला वितळलेले पाणी विंड रिव्हर नदीत जाते. हीच नदी पुढे बिगहॉर्न नाव धारण करते. नदी एकच, पण थर्मोपोलिस गावाजवळच्या एका ठिकाणी वरच्या प्रवाहाचे नाव संपते आणि खालच्या प्रवाहाचे नाव सुरू होते. बिगहॉर्नचे पाणी यलोस्टोनला, यलोस्टोनचे मिसुरीला आणि मिसुरीचे मिसिसिपीला मिळून शेवटी मेक्सिकोच्या आखातात पोहोचते. माथ्याच्या पश्चिमेला वितळलेले पाणी मात्र ग्रीन नदीतून कोलोरॅडो नदीला जाते. त्या नदीच्या पाण्यावर आज सुमारे ४ कोटी लोक अवलंबून आहेत. म्हणजे एकाच शिखरावर पडलेल्या बर्फाचे दोन कण वितळल्यावर खंडाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना निघून जाऊ शकतात.

चुकलेला अंदाज आणि शिखराचे नाव

१८४२ साली अमेरिकी सरकारने जॉन फ्रेमाँट या लष्करी अधिकाऱ्याला पश्चिमेकडील वाटांचे नकाशे करण्यासाठी पाठवले. वाटाड्या किट कार्सन आणि नकाशाकार चार्ल्स प्रॉइस त्याच्या सोबत होते. उंची मोजण्यासाठी बॅरोमीटर आणले होते, पण ते हजार मैलांचा प्रवास करून नेमके डोंगराच्या पायथ्याशी आल्यावर फुटले. फ्रेमाँटने बंदुकीची दारू ठेवायचे शिंग घेतले, ते पारदर्शक होईपर्यंत तासले, फुटलेल्या काचेच्या जागी सरसाने चिकटवले आणि यंत्र पुन्हा चालू केले.

ऑगस्टच्या मध्यावर ही मंडळी एका उंच शिखराच्या टोकावर पोहोचली. तिथे एक गंमत घडली. त्या निर्जन टोकावर एक भुंगा उडत आला आणि एका माणसाच्या गुडघ्यावर बसला. त्यांनी तो पकडून वहीत, वाटेत जमवलेल्या फुलांच्या शेजारी ठेवला. फ्रेमाँटला वाटले की, आपण रॉकी पर्वताच्या सर्वांत उंच टोकावर उभे आहोत. तो अंदाज चुकीचा होता. रॉकी पर्वतातील कितीतरी शिखरे त्याहून उंच आहेत. एवढेच काय, याच रांगेत थोड्या अंतरावर उत्तरेला असलेले गॅनेट आज फ्रेमाँटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिखरापेक्षा सुमारे ६० फूट उंच आहे.

हे शिखर ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो हेन्री गॅनेट गिर्यारोहक म्हणून प्रसिद्ध नव्हता. तो होता नकाशे करणारा आणि आकडे जुळवणारा माणूस. अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचा तो मुख्य भूगोलतज्ज्ञ होता, देशाच्या जनगणनांचे भौगोलिक काम त्याने पाहिले आणि गावे, नद्या, डोंगर यांची नावे सर्व नकाशांवर एकसारखी असावीत म्हणून सरकारी मंडळ उभे करण्यातही त्याचा पुढाकार होता. १९०६ साली या शिखराला त्याचे नाव देण्यात आले. शिखरावर चढल्याची पहिली नोंद मात्र १९२२ सालची आहे. आर्थर टेट आणि फ्लॉइड स्टालनेकर यांनी ती चढाई केली.

नकाशाच्या आधीची माणसे

नकाशावर नाव येण्यापूर्वी हा डोंगर रिकामा होता असे कोणी समजू नये. शोशोनी जमातीतील एक समूह या उंच रानातच राहत असे. डोंगरी मेंढ्यांची शिकार हे त्यांचे मुख्य साधन, म्हणून इंग्रजीत त्यांना ‘मेंढी खाणारे’ असेच म्हटले गेले. मेंढ्याचे वळलेले शिंग उष्णतेने मऊ करून ते त्यापासून धनुष्य बनवत. मऊ दगड कोरून स्वयंपाकाची भांडी करत.

संशोधकांना या रांगेत साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर जुन्या वस्त्यांच्या खुणा सापडल्या आहेत. एका ठिकाणी तर उतार खोदून सपाट केलेल्या पन्नासहून अधिक घरांच्या जागा मिळाल्या. शेजारी दळण्याचे दगड पडलेले होते. म्हणजे तिथे फक्त शिकारी येऊन जात नसत. बायका-मुलांसह अख्खी कुटुंबे उन्हाळा तिथे काढत, व्हाइटबार्क नावाच्या पाइन झाडाच्या बिया जमवून दळत आणि थंडी पडू लागली की खाली उतरत. आज त्या पाइन झाडावरही बुरशीचा रोग आणि खोड पोखरणारे किडे यांचे संकट आहे. २०२२ साली अमेरिकी सरकारने ते धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत टाकले.

१८६८ साली शोशोनींचे सरदार वॉशाकी यांनी अमेरिकी सरकारशी करार केला. त्या करारातून विंड रिव्हर हा आदिवासींचा राखीव प्रदेश ठरला. दहा वर्षांनी सरकारने अरापाहो जमातीलाही तिथेच आणून ठेवले. पुढे या प्रदेशाचे लचके तोडले गेले. दक्षिणेचा भाग विकत घेतला गेला, गरम पाण्याचे झरे घेतले गेले आणि १९०५ च्या कायद्याने मोठा भाग बाहेरून येणाऱ्या शेतकऱ्यांना खुला झाला. तरी डोंगराच्या पूर्व उताराचा आणि त्याखालच्या खोऱ्याचा मोठा भाग आजही या दोन जमातींचा आहे. एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. आपल्या हद्दीतील डोंगराळ भागात रस्ते होऊ द्यायचे नाहीत, हे या राखीव प्रदेशात १९३० च्या दशकातच ठरले होते. देशाचा कायदा त्यानंतर सुमारे पाव शतकाने आला.

पाहुण्यांसाठी कायदा

हा कायदा लिहिणारा माणूस एका नियतकालिकाचा संपादक होता. त्याचे नाव हॉवर्ड झानायझर. रानांच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेचे नियतकालिक तो चालवत असे. आठ वर्षे तो खासदारांना भेटत राहिला. खाण, लाकूड आणि पशुपालन या धंद्यांच्या हरकती ऐकत राहिला. विधेयकाचे ६६ मसुदे झाले. मे १९६४ मध्ये झानायझर यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी ३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. त्या समारंभाला झानायझर यांच्या पत्नी हजर होत्या.

या कायद्यात ‘विल्डरनेस’ या शब्दाची व्याख्या आहे. तिचा आशय असा की, जिथे जमीन आणि तिथले जीवन माणसाच्या बंधनात अडकलेले नाही आणि जिथे माणूस पाहुणा म्हणून येतो, मुक्काम ठोकत नाही, ते विल्डरनेस. सरकारी कायद्याची भाषा सहसा कोरडी असते. त्यात माणसाला मुसाफिर म्हणणारे वाक्य सापडावे, याचे आम्हाला अप्रूप वाटते. अर्थात पिढ्यान्‌पिढ्या तिथे उन्हाळा काढणाऱ्या शोशोनी कुटुंबांची आठवण या व्याख्येत कुठेच नाही, हेही तितकेच खरे.

पहिल्याच दिवशी ५४ प्रदेशांतील सुमारे ९१ लाख एकर जमीन या कायद्याखाली आली. आज हा आकडा ११ कोटी एकरांच्या पुढे गेला आहे. गॅनेटच्या पश्चिमेचे ब्रिजर रान पहिल्या यादीतच होते. पूर्वेचे फिट्झपॅट्रिक रान १९७६ साली त्यात आले. शिखर नेमके या दोहोंच्या सीमेवर उभे आहे.

या रानात वनखात्याच्या कर्मचाऱ्यांनाही नियम पाळावे लागतात. वाटेवर झाड पडले तर ते यंत्राच्या करवतीने कापायचे नाही. दोन माणसांनी दोन टोकांना धरून ओढायच्या जुन्या करवतीने कापायचे. तंबू तळ्यापासून दूर ठोकायचा. अन्न अस्वलाच्या हाती लागणार नाही असे बंदोबस्तात ठेवायचे.

चढाई

अमेरिकेतील गिर्यारोहकांमध्ये प्रत्येक राज्याच्या सर्वांत उंच जागेवर पोहोचण्याचा छंद आहे. काही राज्यांत ही जागा म्हणजे रस्त्याकडेची टेकडी असते. गॅनेट मात्र सर्वांत कठीण समजल्या जाणाऱ्या शिखरांपैकी एक आहे. कारण उंचीइतकेच अंतराचे आहे. पश्चिमेकडील पाइनडेल गावाच्या बाजूने निघाले तर जाऊन-येऊन सुमारे ६५ किलोमीटर चालावे लागते. पूर्वेच्या ड्युबॉइस गावाकडून हे अंतर ८० किलोमीटरच्या आसपास जाते. राखीव प्रदेशातून जाणारी वाट जवळची आहे, पण ती जमातींची जमीन असल्याने त्यांच्या परवानगीशिवाय जाता येत नाही.

पश्चिमेच्या वाटेने पहिले एक-दोन दिवस तळ्यांच्या काठाने जातात. मग टिटकॉम्ब नावाचे दगडी खोरे लागते. तिथून मध्यरात्रीनंतर निघायचे आणि अंधारात सुमारे १२,८०० फूट उंचीची बॉनी खिंड चढायची. खिंडीतून गॅनेट समोर दिसते, पण तिथे पोहोचण्यासाठी आधी पलीकडच्या डिनवुडी हिमनदीवर खाली उतरावे लागते. नंतर पुन्हा चढ. दोर, बर्फाची कुऱ्हाड आणि बुटांना लावायचे काटे इथे लागतात. हिमनदी आणि खडक यांच्यामध्ये एक खोल भेग असते. तिच्यावर बर्फाचा पूल असेल तर ती ओलांडता येते. उन्हाळा सरता सरता हा पूल वितळतो आणि वाट बिकट होते. दुपारी वीज कडाडण्याची भीती असल्याने सकाळीच शिखर गाठून परतावे लागते. परतताना तीच खिंड पुन्हा चढायची असते, तेव्हा पायांत त्राण उरलेले नसते.

म्हणजे या शिखरावर कोणी सहज जात नाही. गेलेला माणूस रस्ता, घर, दुकान असे काही मागे ठेवत नाही. तरीही माणसाच्या खुणा तिथे आहेत आणि त्या बर्फाच्या आत आहेत.

बर्फातील नोंदवही

गॅनेटच्या दक्षिणेला, फ्रेमाँट शिखराच्या जवळ ‘अप्पर फ्रेमाँट’ नावाची हिमनदी आहे. १९९१ साली शास्त्रज्ञांनी तिथे थेट तळाच्या खडकापर्यंत, सुमारे १६० मीटर खोल भोक पाडून बर्फाचा दंडगोल बाहेर काढला. १९९८ साली पुन्हा तसेच केले. दरवर्षीचा बर्फ आदल्या वर्षीच्या बर्फावर साचतो, म्हणून असा दंडगोल वहीच्या पानांसारखा वाचता येतो. वरचे पान नवे, खालचे जुने.

शास्त्रज्ञांनी त्यात पाऱ्याचे प्रमाण मोजले. जवळपास २७० वर्षांचा हिशेब मिळाला. इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखी १८१५ साली आणि क्राकाताऊ १८८३ साली फुटला, त्यांच्या खुणा वायोमिंगच्या या बर्फात सापडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सोने वेगळे काढण्यासाठी पारा वापरणाऱ्या खाणींची खूण सापडली. विसाव्या शतकातील कारखान्यांचा धूर सापडला. १९५० आणि १९६० च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांची धूळही सापडली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अलीकडच्या शंभर वर्षांत इथे साचलेल्या पाऱ्यापैकी सुमारे ७० टक्के पारा माणसाच्या उद्योगांतून आलेला होता. एक दिलासाही त्याच बर्फात होता. सर्वांत वरच्या काही वर्षांच्या थरांत पाऱ्याचे प्रमाण उतरलेले दिसले.

सोन्याच्या खाणीत राबणाऱ्या मजुराने किंवा कारखान्याची भट्टी पेटवणाऱ्या कामगाराने गॅनेटचे नावही ऐकले नसेल. त्यांच्या कामाची धूळ मात्र तिथवर पोहोचली. जी हवा धूळ घेऊन आली, तीच आता ऊब घेऊन येत आहे. डिनवुडी आणि गॅनेट या हिमनद्या अमेरिकेच्या रॉकी पर्वतातील सर्वांत मोठ्या हिमनद्यांमध्ये गणल्या जातात. जुनी छायाचित्रे आणि आजची छायाचित्रे शेजारी ठेवली की, बर्फाची कड किती मागे सरकली आहे आणि थर किती पातळ झाला आहे, हे साध्या डोळ्यांनीही कळते. ज्या कायद्याने सायकल अडवली, त्याला ही ऊब अडवता येत नाही.

पाणी कोणाचे?

हा बर्फ खालच्या लोकांना का हवा, हे समजून घेऊ. वायोमिंगच्या या खोऱ्यात पाऊस फार कमी. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडतो आणि मे-जूनमध्ये तो वितळून नद्या भरतात. जुलै संपता संपता हे पाणी ओसरते. त्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, शेताला आणि माशांना पाण्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा, हिमनदीचे पाणी कामाला येते. घरात वर्षभराच्या खर्चातून थोडी शिल्लक अडीअडचणीसाठी बाजूला ठेवावी, तशी ही निसर्गाची शिल्लक आहे. सध्या ती वेगाने खर्च होत असल्याने काही वर्षे पाणी उलट जास्तही मिळू शकते. खरी टंचाई शिल्लक संपल्यावर कळते.

या पाण्यासाठी विंड रिव्हरच्या जमातींनी फार मोठी कायदेशीर लढाई दिली आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात पाण्याचा नियम असा आहे की, ज्याचा हक्क जुना त्याला पाणी आधी. १९७७ साली वायोमिंग राज्याने या खोऱ्यातील सर्व हक्कांची छाननी करणारा दावा सुरू केला. जमातींचे म्हणणे होते की, आमचा हक्क १८६८ च्या करारापासूनचा आहे. १९८८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले आणि वर्षाला सुमारे ५ लाख एकर-फूट पाण्यावर त्यांचा हक्क ठरवला. एक एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंच उभे राहील इतके पाणी, १२ लाख लिटरहून अधिक. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ साली तिथे न्यायमूर्तींची मते समसमान विभागली गेली, त्यामुळे खालचा निकाल कायम राहिला.

पुढे जमातींनी ठरवले की, यातील काही पाणी नदीतच वाहू द्यायचे, म्हणजे मासे जगतील आणि नदी जिवंत राहील. १९९२ साली राज्याच्या न्यायालयाने त्याला नकार दिला. पाणी शेतीसाठी मोजून दिले आहे, ते नदीत सोडण्यासाठी वळवता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ झाला. पाण्याचा हक्क मिळाला, पण ते नदीतच राहू द्यायचा हक्क मिळाला नाही. हा संपूर्ण दावा २०१४ साली, ३७ वर्षांनी बंद झाला. दावा सुरू झाला तेव्हा पाळण्यात असलेली मुले तोवर आईबाप झाली होती.

न्यायालयाच्या कागदावर पाच लाखांचा आकडा आजही आहे आणि उद्याही राहील. पण कागदावरचा हक्क शेतात पोहोचायचा तर वर डोंगरावर बर्फ असावा लागतो.

आपण काय घ्यावे?

या शिखरावर जाण्याचा योग आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना येईल. आमच्या मते त्याची गोष्ट तरीही घरात बोलण्यासारखी आहे. अमानत सांभाळायची तर तिला हात न लावणे पुरेसे असते, असे आपण सहसा समजतो. गॅनेटच्या बाबतीत हात न लावण्याचा कायदा झाला, तो बऱ्याच अंशी पाळलाही गेला आणि त्याचा फायदा झाला. तिथे आज खाण नाही, रस्ता नाही, तळ्याकाठी हॉटेलांची रांग नाही. पण दूर बसून जाळलेल्या कोळशाचा आणि तेलाचा हिशेब त्या कायद्यात नव्हता. तो हिशेब आता विंड रिव्हरच्या काठी ऑगस्टमध्ये शेताला पाणी देणाऱ्या शोशोनी आणि अरापाहो शेतकऱ्याच्या दारात येऊन उभा आहे. जुना करार आणि कोर्टाचा निकाल हाती असूनही तो त्याला एकट्याने चुकता करता येणार नाही.

पाहुण्याने कसे वागावे, हे त्या कायद्याने नीट लिहून ठेवले आहे. जे पाहुणे म्हणून तिथे कधी जाणारच नाहीत, त्यांनी आपापल्या घरी, कारखान्यात आणि रस्त्यावर कसे वागावे, हे लिहायचे अजून बाकी आहे. आणि ते लिहिताना आपलाही हात त्यात असायला हवा.